पावसाळ्यात पावडरचा दगड का होतो? औषध कारखान्यांकडून शिकण्यासारख्या गोष्टी



जून लागला की आपल्या चॅनेलवर एकच प्रश्न सारखा येतो. "ताई, सरबताच्या पावडरचे गोळे झाले, त्यात काय टाकू?" "ताई, चाट मसाला बरणीत घट्ट बसला." "ताई, पाऊच फुगले." या आठवड्याचा व्हिडिओ याच विषयावर आहे, पण तिथे वेळ कमी पडला. म्हणून इथे सविस्तर लिहिते. वही घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी हे पुस्तकातून सांगत नाहीये हे कळेल. दुकानाच्या तिसऱ्या वर्षी मी लिंबू सरबताचा प्रीमिक्स काढला. घरी दळलेली साखर, सायट्रिक ॲसिड, मीठ, थोडं काळं मीठ. मे महिन्यात माल पुरेना. हुरूप आला आणि जूनच्या शेवटी ४० किलो बनवून २५० ग्रॅमचे १६० पाऊच भरले. पारदर्शक साधे प्लास्टिकचे पाऊच, स्वस्त पडतात म्हणून. ऑगस्टमध्ये त्यातले ११० पाऊच परत आले. आत पावडर नव्हती, वीट होती. एका पाऊचला ३८ रुपये खर्च धरला तर ४,१८० रुपये गेले. ते सहन झालं असतं. पण ज्या तीन दुकानांनी माल परत केला, त्यांनी नंतर माझा दुसरा कुठलाही माल घेतला नाही. खरं नुकसान ते होतं.

तेव्हा माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचे, औषध कंपनीत प्रॉडक्शनला होते. त्यांना वीट दाखवली. मला वाटलं ते एखाद्या केमिकलचं नाव सांगतील. त्यांनी उलट विचारलं, "भरताना खोलीचं आरएच किती होतं?" मला आरएच म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आजचा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

गोळा नेमका कसा बनतो?

पावडर म्हणजे लाखो बारीक कण. कोरडे असताना ते एकमेकांवरून घसरतात. हवेतली वाफ कणाच्या पृष्ठभागावर बसली की मीठ, साखर, ॲसिड असे विरघळणारे पदार्थ तिथे किंचित विरघळतात. दोन कण जिथे टेकतात तिथे पाकाचा एक सूक्ष्म थेंब तयार होतो. हा झाला ओला पूल. या वेळी पावडर फक्त दमट लागते, बोटांनी मोकळी होते.

पुढे हवा कोरडी झाली किंवा ऊन पडलं की थेंबातलं पाणी उडतं. पण विरघळलेली साखर उडत नाही, ती तिथेच स्फटिक होऊन बसते. आता दोन कणांमध्ये साखरेचाच सांधा तयार झाला. हा झाला पक्का पूल. असे लाखो सांधे म्हणजे वीट.

म्हणून लक्षात घ्या, गोळे फक्त ओलीने होत नाहीत. ओल आली आणि गेली, याने होतात. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, परत तापतो. प्रत्येक फेरीत सांधे जाड होत जातात.

याशिवाय तीन गोष्टी मदत करतात:

- बारीकपणा. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि टेकण्याच्या जागा जास्त. साधारण ३० मायक्रॉनच्या खाली गेलं की कण ओल नसतानाही एकमेकांना धरून बसतात. पिठी साखर गोळे धरते आणि दाणेदार साखर त्या मानाने मोकळी राहते, ती यामुळेच.
- दाब. पोत्यांची थप्पी लावली की खालच्या पोत्यातले कण एकमेकांवर दाबले जातात. परत आलेल्या मालात खालचा बॉक्स नेहमी जास्त घट्ट असतो, बघा.
- उष्णता. फळांच्या रसाच्या पावडरी, दुधाची पावडर यांच्यात स्फटिक नसलेला, काचेसारखा भाग असतो. थोडी ओल आणि थोडी उष्णता मिळाली की तो मऊ होऊन चिकटतो. म्हणून लिंबाच्या रसाची स्प्रे ड्राय पावडर बनवताना त्यात माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. नुसता रस वाळवला तर तो यंत्राच्या भिंतीलाच चिकटून बसतो.

प्रत्येक पदार्थाची एक हद्द असते

आता आरएच. आरएच म्हणजे रिलेटिव्ह ह्युमिडिटी, सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे, ते. कोकणात आणि मुंबईत भर पावसाळ्यात हा आकडा ८० च्या वर असतो.

पाण्यात विरघळणाऱ्या प्रत्येक स्फटिकाची एक हद्द असते. हवेची आर्द्रता त्या हद्दीच्या खाली असेल तर तो बऱ्यापैकी कोरडा राहतो. वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरायला लागतो. २५ अंश तापमानाला या हद्दी साधारण अशा आहेत:

- साखर: ८५ टक्क्यांच्या आसपास
- शुद्ध मीठ: ७५
- सायट्रिक ॲसिड, पाणीविरहित: ७५ च्या आसपास
- फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर: ६२ च्या आसपास
- मॅग्नेशियम क्लोराइड: ३३

शेवटचं नाव ओळखीचं नसेल, पण तो पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. समुद्राच्या कच्च्या, खड्या मिठात तो थोडा राहून जातो. आजीच्या घरी मिठाची बरणी पावसाळ्यात पाणी सोडायची, त्यामागे बऱ्याच अंशी हाच असतो. मसाला उद्योगात असाल तर स्वस्त कच्चं मीठ घेऊन पुढे ओलीशी लढत बसू नका. रिफाइंड, कोरडं मीठ घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मला वाटायचं की साखरेची हद्द ८५, ॲसिडची ७५, म्हणजे मिश्रणाची मधली कुठेतरी ८० असेल. चूक. दोन विरघळणारे पदार्थ एकत्र आले की मिश्रणाची हद्द दोघांपेक्षा खाली जाते. साखर आणि सायट्रिक ॲसिड एकत्र केले की ती ६५ च्या आसपास येते. त्यात मीठ घातलं की अजून खाली. म्हणजे घरात साखरेचा डबा ठीक आहे, ॲसिडचा डबा ठीक आहे, आणि दोन्ही मिसळून केलेला प्रीमिक्स मात्र पाझरतोय. असं झालं की आपण पुरवठादाराला शिव्या घालतो. बऱ्याचदा माल खराब नसतो, आपण केलेली जोडी खराब असते.

लवणभास्कर चूर्ण बघा. त्यात चार-चार प्रकारची लवणं आहेत. ते चूर्ण पावसाळ्यात ढेकळं का धरतं, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

ओआरएसची गोष्ट: पाकिटापेक्षा आधी फॉर्म्युला

हा धडा औषध क्षेत्राने कसा घेतला, ते ऐकण्यासारखं आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने द्यायचं मीठ-साखरेचं द्रावण वापरायचं ठरवलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधं मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात हे मिश्रण वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं आणि पिशव्या गरम इस्त्रीने सील केल्या. आज आपण घरगुती उद्योगात हँड सीलर वापरतो, तेच काम. त्या पाकिटांनी असंख्य जीव वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने अशी पाकिटं जगभर पाठवली. तेव्हा गरम, दमट देशांत एक अडचण दिसली. ग्लुकोज आणि सोडा एका पाकिटात असताना ओल आत गेली की ग्लुकोज बिघडायला लागायचं. पावडर पिवळट-तपकिरी व्हायची आणि घट्ट बसायची. जिथे गरज जास्त, तिथलंच हवामान वाईट.

त्यांनी काय केलं? १९८४ मध्ये फॉर्म्युलाच बदलला. सोडा काढला आणि त्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट आणलं. शरीरात काम तेच, पण पाकिटात ग्लुकोजशी भांडण नाही. पाकीट जास्त टिकायला लागलं. आजच्या एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असतं. एकूण २०.५ ग्रॅम.

आपल्यासाठी धडा असा की पहिला प्रश्न "वर काय टाकू?" हा नसतो. पहिला प्रश्न "आत कोणाचं कोणाशी पटत नाहीये?" हा असतो.

याच प्रकारातली आपली नेहमीची जोडी म्हणजे सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा. फसफसणाऱ्या जलजिऱ्यात, सोडा मिक्समध्ये हे दोघं असतात. थोडी ओल मिळाली की ते आतच फसफसायला लागतात. गॅस तयार होतो आणि पाऊच फुगतो. वाईट म्हणजे या क्रियेत नवीन पाणीही तयार होतं, आणि ते पाणी पुढची क्रिया सुरू करतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही. म्हणूनच फसफसणाऱ्या गोळ्या बनवणारे औषध कारखाने ती खोली २५ टक्के किंवा त्याहून कमी आर्द्रतेवर ठेवतात. तुमच्याकडे तशी खोली नसेल तर हा माल सुरुवातीला करूच नका, किंवा ॲसिड आणि सोडा दोन वेगळ्या पुड्यांत द्या.

कारखान्यात काय करतात, आपण काय करायचं

१. कच्चा माल तपासून घ्या. कारखान्यात प्रत्येक मालाची ओल मोजतात. एक साधी पद्धत म्हणजे ठरावीक वजन वाळवायचं आणि किती वजन घटलं ते बघायचं. आपण लेबल तरी नीट वाचू शकतो. सायट्रिक ॲसिड दोन प्रकारचं मिळतं, मोनोहायड्रेट आणि ॲनहायड्रस. मोनोहायड्रेटमध्ये वजनाच्या साधारण ८.६ टक्के पाणी स्फटिकाच्या आतच असतं. डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेटमध्ये साधारण ९ टक्के. हे पाणी हाताला लागत नाही, पण गोदाम तापलं की बाहेर यायला लागतं. कोरड्या मिश्रणासाठी ॲनहायड्रस मागा. दुकानदार "एकच आहे हो" म्हणेल. एकच नाहीये.

२. दळलेला माल गरम भरू नका. पल्व्हरायझरमधून मसाला गरम बाहेर येतो. तो तसाच पिशवीत बांधला की गरम मसाल्यातली वाफ गार पडणाऱ्या पिशवीला आतून लागते आणि तिथून गोळे सुरू होतात. आधी पसरून खोलीच्या तापमानाला आणा. साखरेची अजून एक गंमत आहे. दळताना कणांच्या पृष्ठभागाची स्फटिकरचना विस्कटते. तो विस्कटलेला भाग हवेतली ओल पटकन ओढतो, आणि परत स्फटिक होताना ती ओल बाहेर टाकतो. ती शेजारच्या कणाला चिकटवते. म्हणून ताजी दळलेली साखर लगेच पाऊचमध्ये भरू नका. कोरड्या जागी थांबू द्या, मग चाळा आणि मग वापरा. जमत असेल तर पिठीऐवजी बारीक दाण्याची साखर घ्या, अर्धा त्रास तिथेच संपतो. औषध कंपन्या पुष्कळ पावडरींचे आधी दाणे बनवतात, त्यामागेही हा एक विचार असतो.

३. खोली कोरडी करा, हवा नाही तर निदान वेळ निवडा. थोडा हिशोब करू. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. म्हणजे त्या खोलीच्या हवेत जवळपास ९०० ग्रॅम पाणी तरंगतंय. दार उघडं असेल तर ते सतत नव्याने आत येतंय. आणि तुमची पावडर परातीत पसरलेली आहे! म्हणून उघडी ठेवण्याचा वेळ कमी करा. एका वेळी तासाभरात पाऊचबंद होईल एवढंच मिश्रण बाहेर काढा.

एसी लावला म्हणजे झालं असं समजू नका. तापमान उतरलं तरी आर्द्रता हवी तेवढी उतरेलच असं नाही. मोजायचं यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर, काहीशे रुपयांत मिळतं. भिंतीवर लावा आणि बॅचच्या वहीत आकडा लिहा. साखर-ॲसिडच्या मिश्रणासाठी ५० च्या खाली आणायचा प्रयत्न ठेवा. एसीने जमत नसेल तर डीह्युमिडिफायर लागतो.

आणि एक सापळा. एसी खोलीत २४ अंशाला असलेली उघडी पावडर बाहेर आणली, आणि बाहेर ३० अंश, ८५ टक्के असेल, तर त्या हवेतलं पाणी २७ अंशाच्या खालच्या कुठल्याही गोष्टीवर दव म्हणून बसतं. फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्यावर होतं तसंच. म्हणजे एसीने वाचवलं आणि दाराने घालवलं. सील आतच करा, मग माल बाहेर न्या.

४. मिसळायच्या आधी चाळा. कारखान्यात कच्चा माल बऱ्याचदा ४० नंबरच्या, म्हणजे साधारण ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात. आलेले गोळे आधीच बाहेर पडतात. थोड्या प्रमाणात जाणारा पदार्थ एकदम सगळ्यात टाकत नाहीत. आधी तेवढ्याच साखरेत मिसळतात, मग दुप्पट, मग चौपट, असं वाढवत नेतात. आपल्या किलोच्या बॅचलाही हे लागू आहे.

५. पाऊचवर पैसे वाचवू नका. पारदर्शक साधं प्लास्टिक पाणी अडवतं, पण वाफ हळूहळू आत सोडतं. पेट आणि पॉलिथिनचा जोड त्याहून बरा, मेटलाइज्ड त्याहून बरा, आणि मधे खऱ्या ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेला पाऊच सगळ्यात चांगला. ओआरएसची पाकिटं चकचकीत असतात ती शोभेसाठी नाहीत.

इथे बरेच जण व्हॅक्यूम मशीन घ्यायला धावतात. जरा थांबा. पाऊचमध्ये अर्धा लिटर हवा राहिली तरी तिच्यात वर सांगितलेल्या दराने १३ मिलिग्रॅम पाणी असतं. आणि एक किलो पावडरमध्ये फक्त १ टक्का ओल असेल तर ते १० ग्रॅम पाणी झालं. म्हणजे सातशेपटीहून जास्त! हवा काढण्यापेक्षा आत कोरडी पावडर भरणं आणि बाहेरची वाफ अडवणं, यावर खर्च करा.

सीलची जागा तपासा. पावडर भरताना तोंडाशी उडते, सीलच्या रेषेत अडकते आणि तिथे केसाएवढी वाट राहते. कारखान्यात निळ्या रंगाच्या पाण्यात पाकिटं बुडवून, वरची हवा खेचून गळती बघतात. आपण बादलीत पाऊच बुडवून दाबायचा. बुडबुडे आले तर ती सील नापास. प्रत्येक बॅचमधले पाच-दहा पाऊच असे तपासाच.

६. साठवण. थप्पी कमी उंचीची लावा. माल फळीवर ठेवा, जमीन आणि भिंत यांच्यापासून लांब. पत्र्याखाली तापणाऱ्या कोपऱ्यात नको.

अँटिकेकिंग एजंट: शेवटी, पहिल्यांदा नाही

आता तुमचा मूळ प्रश्न. सिलिकॉन डायऑक्साइड, ज्याचा अन्नातला क्रमांक ५५१, आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे नेहमीचे. हे अतिशय बारीक कण मोठ्या कणांवर पातळ आवरणासारखे बसतात, दोघांना टेकू देत नाहीत आणि थोडी ओल स्वतः धरतात. बाजारातल्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नस्टार्च असतं, ते याच कामाला.

गोळ्या-कॅप्सूलच्या पावडरीत असं सिलिका साधारण ०.१ ते १ टक्का वापरतात. अर्धा टक्का म्हणजे १०० किलोला ५०० ग्रॅम. आधी थोड्या पावडरीत मिसळून चाळायचं, मग मोठ्या बॅचमध्ये घालायचं. नाहीतर त्याचेच पांढरे ठिपके दिसतात. जास्त घातलं म्हणून जास्त फायदा होत नाही. तुमच्या पदार्थाच्या वर्गात ते चालतं का आणि किती चालतं, हे एफएसएसएआयच्या नियमात बघा आणि लेबलवर लिहा.

पण समजून घ्या, हे छत्री आहे, छप्पर नाही. पाऊच गळका असेल, खोलीत ८५ टक्के असेल, तर सिलिका तुम्हाला काही दिवस पुढे ढकलून देईल, एवढंच.

घरच्या घरी तीन चाचण्या

एक: आपटून बघणं. १०० मिलीच्या मोजपात्रात पावडर हलकेच १०० च्या रेषेपर्यंत भरा. मग टेबलावर हळूहळू आपटत राहा, खाली बसायची थांबेपर्यंत. समजा ८२ वर आली. १०० मधून ८२ गेले, १८ टक्के. औषधशास्त्रात याला कार इंडेक्स म्हणतात. १५ पर्यंत चांगली, १६ ते २० ठीक, २५ च्या पुढे गेली तर पावडर नीट वाहत नाही. दर बॅचला लिहून ठेवा. आकडा वाढायला लागला की गोळे दिसायच्या आधीच कळतं.

दोन: ढीग. नरसाळ्यातून पावडर सपाट कागदावर सोडा. ढीग पसरट झाला तर मोकळी, टोकदार उंच झाला तर चिकट. कोन ३५ अंशांपर्यंत असेल तर छान, ४५ च्या पुढे गेला तर काळजी करा.

तीन: मिठाची पेटी. ही माझी आवडती. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा घ्या. आत एका वाटीत भरपूर मीठ आणि ते जेमतेम भिजेल एवढं पाणी. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे. डबा बंद केला की आतली आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांच्या जवळ येऊन थांबते. औषधांची कडक चाचणी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने चालते. आपल्याकडे तापमानाचा ताबा नाही, पण ७५ चा आकडा तरी फुकटात मिळाला. त्यात वेगवेगळ्या प्रकारचे सीलबंद पाऊच ठेवा, पाणी लागू देऊ नका. दर आठवड्याला बारीक काट्यावर वजन करा. ज्या पाऊचचं वजन वाढतंय, तो वाफ आत घेतोय. पुरवठादाराच्या गप्पांपेक्षा हा काटा खरं बोलतो.

गोळे झालेल्या मालाचं काय?

माझा माल परत आला तेव्हा एका वितरकाने सल्ला दिला, "फोडा, चाळा, नव्या पाऊचमध्ये भरा. कोणाला कळतंय?" मी खरंच चार पाऊच फोडून चाळून बघितले. त्याच पाऊचमधून दोन ग्लास बनवले. एक आंबट, एक नुसता गोड.

कारण आता तुम्हाला माहीत आहे. जे आधी विरघळलं ते सांध्यात जाऊन बसलं. म्हणजे गोळ्यात एका पदार्थाचं प्रमाण जास्त आणि मोकळ्या पावडरीत कमी. चाळणीवर गोळा राहिला आणि तुम्ही तो फेकला, तर नेमका तो पदार्थच फेकला. सरबतात हे चवीवर जातं. औषधात हाच फरक डोसमध्ये होतो. ओआरएसच्या पाकिटात मीठ कमी-जास्त झालं तर ते एखाद्या आजारी बाळाच्या पोटात जातं. म्हणून औषध कारखान्यात अशी बॅच गुपचूप चाळून पुढे जात नाही. ती बाजूला ठेवून तपासतात, कारण लिहितात आणि बहुतेक वेळा नष्ट करतात. शिवाय ओल लागलेल्या मसाल्यात बुरशीचा धोका असतो, आणि तो चाळणीने जात नाही.

माझे ११० पाऊच मी फेकले. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ते परत विकले असते तर आज तुम्हाला हे शिकवायला तोंड राहिलं नसतं.

परवान्याबद्दल दोन ओळी

सरबत, मसाला, प्रीमिक्स हे अन्न आहे, त्याला एफएसएसएआय. चूर्ण म्हणून विकायचं असेल तर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना लागतो. ओआरएस हे औषध आहे, त्याला औषधाचा परवाना लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अन्नपदार्थाच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली आहे. त्यामुळे "सरबतालाच ओआरएस म्हणून विकू" ही कल्पना डोक्यातून काढा.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा

१. हायग्रोमीटर आणि बॅचची वही
२. कोरडा, योग्य प्रकारचा कच्चा माल
३. फॉइलचा पाऊच आणि नीट सील
४. खोलीसाठी एसी किंवा डीह्युमिडिफायर
५. सगळ्यात शेवटी अँटिकेकिंग एजंट

आणि एक फुकटचा उपाय, जो मी दुसऱ्या वर्षी केला. जून ते सप्टेंबर या काळात बॅच लहान करा. चाळीस किलोऐवजी दहा-दहा किलो. बिघडलं तर दहाच बिघडेल, आणि माल दुकानात पडून राहणार नाही. मोठ्या ऑर्डरच्या आनंदात आपण हवामान विसरतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या मिश्रणातल्या सगळ्या पदार्थांची यादी करा, कोण विरघळणारं आहे त्यावर खूण करा, आणि मिठाची पेटी लावून एक पाऊच आत ठेवा. महिनाभराने वजन किती वाढलं ते मला कमेंटमध्ये कळवा, सोबत पाऊच कोणत्या प्रकारचा होता तेही लिहा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून पुढच्या व्हिडिओत बोलू.

तोपर्यंत पावडर कोरडी ठेवा आणि वही भरलेली ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात!